गावांची बेरीज

मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला ॲरिस्टॉटल भेटतो तो काव्यशास्त्राच्या दारातून. विंदा करंदीकरांनी त्या ग्रंथाचा मराठी अनुवाद केला. अनुकृती, विरेचन, शोकात्मिका हे शब्द आपल्या समीक्षेत रुळले आणि परीक्षेतल्या टिपांतही जाऊन बसले. पण शोकात्मिका ज्या माणसांसमोर सादर होत असे ती माणसे एका नगरात एकत्र कशी आली, एकमेकांवर राज्य कसे करू लागली, याचा विचारही याच लेखकाने 'पॉलिटिक्स'मध्ये केला आहे. त्याकडे साहित्याची माणसे सहसा वळत नाहीत. आम्ही वळलो याचे कारण विद्वत्ता नव्हे. आम्ही भाईंदरला राहतो, मराठी साहित्य शिकवतो, आणि आपण ज्याला शहर म्हणतो ते नेमके केव्हा शहर झाले हा प्रश्न गेली काही वर्षे आमचा पिच्छा सोडत नाही.

वर्गात ग्रीकांचा 'पोलिस' हा शब्द उच्चारला की मागच्या बाकांवर हशा पिकतो. हशाही सार्थ आहे, कारण दोन्ही शब्द एकाच घरातले. पोलिस म्हणजे नगरराज्य, त्यावरून पोलितेइया म्हणजे राज्यव्यवस्था. तो शब्द लॅटिन, फ्रेंच, इंग्रजी असा प्रवास करीत खाकी गणवेशात आपल्याकडे आला. मूळ शब्दाचा आपल्या 'पुर'शी रक्ताचा संबंध आहे: संस्कृतातला 'पुर्' आणि ग्रीकांचा 'पोलिस' ही भाषाशास्त्राच्या दृष्टीने भावंडेच. म्हणजे कोल्हापूर-सोलापूर म्हणताना आपण तोच शब्द उच्चारत असतो. ग्रीकांनी त्या शब्दात तटबंदीच्या आतल्या माणसांचे एकमेकांशी असलेले नाते भरले. आपल्याकडे तो बहुतेक गावाच्या नावाच्या शेपटीला राहिला.

हे नाते जन्मले कसे, ही कथा चक्रावून टाकणारी आहे. इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धात ग्रीसमध्ये मायसिनी, पायलॉस अशी राजवाड्यांची केंद्रे होती. मातीच्या पाट्यांवर तिथला कारभार लिहिला जाई. ती लिपी, 'लिनिअर बी', मायकेल व्हेन्ट्रिस या तरुण वास्तुरचनाकाराने १९५२ साली उलगडली, आणि त्या पाट्यांत महाकाव्य किंवा स्तोत्र मिळेल या आशेवर असलेल्यांच्या हाती धान्य, मेंढ्या, तेल आणि रथाची चाके यांच्या याद्या आल्या. त्या याद्यांत सर्वोच्च राजाला 'वानाक्स' म्हटले आहे. 'बासिलेउस'शी जुळणारा एक शब्दही तिथे आहे, पण त्याचा अर्थ स्थानिक पातळीवरचा एखादा लहानसा अधिकारी. तिसरा शब्द 'दामोस', म्हणजे जमीन सामायिकपणे धारण करणारा गावसमाज.

इ. स. पू. १२०० च्या सुमारास हे राजवाडे जळाले, लेखनकलाच लोपली. पुढे चार-साडेचार शतकांनी ग्रीक पुन्हा लिहू लागले तेव्हा वानाक्स उरला होता तो काव्यात आणि देवांच्या नावापुढे. राजाला आता 'बासिलेउस' म्हणत होते; म्हणजे वाडा पडल्यावर गावचा तो लहान अधिकारीच राजा म्हणवला जाऊ लागला. आणि 'दामोस'चा 'देमोस' झाला. त्याचे दोन्ही अर्थ टिकले: एक गाव, आणि दुसरा लोक. 'देमोक्रातिया' या शब्दातला पहिला अर्धा भाग हा असा राजवाड्याच्या राखेतून वाचलेला गावाचा शब्द आहे.

आमच्या परिसरातही वाडे आणि किल्ले येऊन गेले. घोडबंदरचा किल्ला पोर्तुगीजांचा. तो मराठ्यांकडे आला, मग इंग्रजांकडे गेला. चौकच्या टेकडीवर वसईच्या मोहिमेतला जंजिरे धारावी आहे. १७३९ साली वसई पडली त्या युद्धात या टेकडीसाठी रक्त सांडले. आज त्याचे काही अवशेष उरले आहेत. पण उत्तन, पाली, चौक, डोंगरी, राई, मुर्धे, मोर्वा, नवघर, गोडदेव, मिरे, काशी, चेणे ही गावे राहिली. कोळ्यांच्या होड्या, आगऱ्यांची मिठागरे आणि भातशेती, ख्रिस्ती वस्त्यांतले क्रूस आणि त्यांच्या बोलीतली लग्नगीते, हे सारे किल्लेदारांपेक्षा दीर्घायुषी ठरले. वानाक्स गेला, दामोस उरला. १९८५ पर्यंत तरी.

त्या वर्षी काही ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपालिका स्थापन झाली. पुढे उत्तनच्या बाजूची गावेही तिच्यात आली. आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिची महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ५,२०,३८८ होती. २०११ साली ती ८,०९,३७८ झाली. आमच्यासारखी मुंबईत घर न परवडलेली माणसे लोकलने येऊन या आकड्यांत मिसळली. आता हे सारे एक शहर आहे असे कागदोपत्री ठरले आहे.

ग्रीकांकडे या घटनेला एक नेमका शब्द आहे: 'सिनॉइकिस्मॉस'. सिन् म्हणजे सह, ऑइकोस म्हणजे घर. शब्दशः उतरवायचे तर आपला 'सहवास' इतका जवळ दुसरा शब्द नाही. अथेन्सचा सहवास थेसेउसने घडवला अशी आख्यायिका आहे. थ्युसिडिडीस ती आपल्या इतिहासाच्या दुसऱ्या भागात सांगतो. त्याच्या मते पूर्वी ॲटिकामधल्या प्रत्येक वस्तीची स्वतःची सभा होती, स्वतःचे अधिकारी होते. संकट आले तरच लोक राजाकडे सल्लामसलतीला जात, एरवी आपले आपण पाहत, क्वचित राजाशी युद्धही करीत. थेसेउसने त्या सगळ्या सभा आणि अधिकारपदे मोडली आणि अथेन्समध्ये एकच सभागृह ठेवले. लोकांची जमीन, घरे जागच्या जागी राहिली. फक्त निर्णयाची जागा बदलली. या घटनेच्या स्मरणार्थ अथेन्समध्ये दरवर्षी 'सिनॉइकिया' नावाचा उत्सव साजरा होत असे.

थेसेउस हा पुराणपुरुष. इतिहासकार त्याच्याकडे ऐतिहासिक व्यक्ती म्हणून पाहत नाहीत. परंतु प्रक्रिया खरी आहे, आणि ती आमच्या डोळ्यांसमोर घडलेली आहे. घरे तिथेच राहिली, मिठागरे काही काळ तिथेच राहिली. निर्णयाची जागा बदलली. १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत कायद्यात ग्रामसभा आहे: गावातला प्रत्येक मतदार तिचा सभासद, तो निवडून आलेला असो वा नसो. ती नियमित भरत असे, तिथे सुज्ञपणाच चाले, असा भाबडा दावा आम्ही करणार नाही. गावच्या सभेत जात, भावकी आणि आवाजाची पट्टी काय करते हे मराठी ग्रामीण कथेने आपल्याला पुरेसे दाखवले आहे. पण उठून उभे राहण्याचा हक्क तरी होता. ग्रामपंचायत विसर्जित झाली की ग्रामसभाही संपते. शहरात तिची जागा घेणारे काही नाही. महासभेत ९५ नगरसेवक बसतात, नागरिक गॅलरीतून पाहतो. २०११ ची लोकसंख्या धरली तर एका नगरसेवकामागे साडेआठ हजार माणसे. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने तीन लाखांहून मोठ्या शहरांना प्रभाग समित्या सांगितल्या, पण समिती म्हणजे सभा नव्हे.

थ्युसिडिडीसचा पुढचा परिच्छेद आम्हाला त्याहून महत्त्वाचा वाटतो. थेसेउसनंतर कित्येक शतके लोटली तरी ॲटिकाचे बहुतेक लोक गावातच राहत होते. इ. स. पू. ४३१ मध्ये स्पार्टाशी युद्ध पेटले आणि त्यांना घरदार सोडून अथेन्सच्या तटाआड यावे लागले, तेव्हा प्रत्येकाला आपण आपले स्वतःचे नगरच मागे टाकतो आहोत असे वाटले. इतिहासकाराने अगदी अलिप्त शैलीत नोंदवलेले हे दुःख आहे. खाडीपलीकडे २००९ साली चार नगरपालिका आणि ५३ गावे मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली तेव्हा गावांतून मोठा विरोध उभा राहिला आणि काही गावे वगळण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे न्यायालयात घोळत राहिला. बातम्यांत तो घरपट्टीचा आणि पक्षांचा प्रश्न म्हणून आला. त्यात थ्युसिडिडीसने टिपलेले दुःखही असावे असे आम्हाला वाटते. आमच्याकडे उत्तनजवळच्या धावगीच्या डोंगरावर शहराचा कचरा जाऊ लागला. तिथल्या गावकऱ्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, तो सहवासात आपला वाटा कोणता आला हे विचारण्यासाठी.

अथेन्सची गोष्ट थेसेउसपाशी थांबली असती तर ती आपल्या कामाची नव्हती. ती पुढे गेली. इ. स. पू. सातव्या शतकाच्या अखेरीस ड्रॅकोने कायदे लिहून काढले. ५९४ मध्ये सोलोनने, जो स्वतः कवी होता आणि आपल्या राजकारणाचे समर्थन कवितेतून करीत होता, कर्जापायी माणूस गहाण टाकण्याची प्रथा बंद केली. मग पिसिस्ट्रॅटस आणि त्याच्या मुलांची एकाधिकारशाही आली. आणि ती गेल्यावर, ५०८-०७ मध्ये, क्लेइस्थेनीस आला. याची हकिगत आपल्याला कळते ती मुख्यतः 'अथेन्सची राज्यघटना' या ग्रंथातून. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेला हा ग्रंथ इजिप्तमध्ये पपायरसवर सापडला आणि १८९१ साली छापला गेला. त्या पपायरसच्या पुढच्या बाजूला एका शेतजमिनीच्या जमाखर्चाचे हिशेब आहेत. राज्यघटना त्या कागदांच्या पाठीवर उतरवलेली आहे. आम्हाला ही जागा फारच योग्य वाटते.

क्लेइस्थेनीसने केले ते थेसेउसच्या नेमके उलट. थेसेउसने गावे शहरात मिळवली. क्लेइस्थेनीसने शहराच्या आत गावे परत दिली. त्याने १३९ 'देम' मानले. प्रत्येक देमची स्वतःची सभा, दरवर्षी बदलणारा प्रमुख, स्वतःचे सण, स्वतःचा हिशेब. मुलगा अठरा वर्षांचा झाला की तो नागरिक आहे की नाही हे देमची माणसे मत देऊन ठरवीत. पाचशेंच्या राजसभेत प्रत्येक देमचा वाटा त्याच्या आकारानुसार ठरलेला. पण देम एकेकटे राहिले तर भाऊबंदकी माजेल हेही त्याने ओळखले. म्हणून त्याने ॲटिकाचे शहर, किनारा आणि आतला भाग असे तीन भाग केले, प्रत्येकाचे दहा तुकडे केले, आणि तिन्ही भागांतला एकेक तुकडा जोडून दहा जमाती बनवल्या. किनाऱ्यावरचा कोळी, शहरातला कुंभार आणि डोंगराकडचा शेतकरी एकाच जमातीत लढू, मत देऊ आणि नाचू लागले. 'नाचू' हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरला आहे: डायोनिससच्या नागरी उत्सवात प्रत्येक जमात पन्नास पुरुषांचा आणि पन्नास मुलांचा गायनवृंद उभा करीत असे. शोकात्मिकेच्या आधी, त्याच उत्सवात, हजार सामान्य नागरिक गात असत. आपण ज्याला ग्रीक रंगभूमी म्हणतो तिचा प्रेक्षक असा घडलेला होता.

मीरा-भाईंदरचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. उत्तनचा किनारा आहे, स्थानकांभोवतीचे शहर आहे, घोडबंदर-चेण्याकडचा डोंगराळ भाग आहे. आमच्या प्रभागरचनेत शेजारचे शेजाऱ्याला जोडले जातात. ते सोयीचेही आहे. पण किनाऱ्यावरच्या माणसाला शहरातल्या माणसाशी बोलायला भाग पाडणारी जागा मात्र कुठेच नाही.

क्लेइस्थेनीसची आणखी एक सुधारणा साहित्याच्या माणसाला विशेष भावेल. माणसाची ओळख बापाच्या नावाऐवजी देमच्या नावाने सांगावी असे त्याने ठरवले. बापाचे नाव पुसले की नवा नागरिक कोण हे लगेच उघड होते. ते टळावे हा हेतू. म्हणून सोक्रेटिस अलोपेकेचा, पेरिक्लीस खोलार्गोसचा, सोफोक्लीस कोलोनोसचा. पुढे माणूस दुसरीकडे राहायला गेला तरी देमचे नाव त्याच्या वंशजांमागे राही. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. आमच्या इमारतीच्या नामफलकावरची अर्धी नावे 'कर'ने संपतात. त्यातल्या कित्येकांनी ते गाव पाहिलेलेही नाही. फरक असा की सोफोक्लीसला कोलोनोसमध्ये मत होते. आपले 'कर' हे अशा गावाचे सभासदत्व आहे ज्याच्या सभेत आपल्याला जागा नाही, आणि ज्या शहरात मत आहे त्याचे नाव आपल्यापैकी कोणाच्याच आडनावात नाही.

याच संदर्भात काव्यशास्त्रातली एक जागा पुन्हा वाचण्याजोगी आहे. सुखात्मिकेचा जन्म आमच्याकडे झाला असा डोरियन ग्रीकांचा दावा ॲरिस्टॉटल तिसऱ्या प्रकरणात नोंदवतो. त्यांचे म्हणणे असे, की बाहेरच्या खेड्यांना आम्ही 'कोमे' म्हणतो, अथेन्सचे लोक 'देम' म्हणतात. 'कॉमेडी' हा शब्द कोमेवरून आला, कारण शहराने अपमान करून घालवलेले नट खेडोपाडी हिंडत. व्युत्पत्ती पटणारी नाही, भाषाशास्त्रज्ञ ती मानत नाहीत. तरी शहराने हाकलले ते गावाने ठेवून घेतले आणि त्याचे वाङ्मय झाले, ही कल्पना तमाशा आणि दशावतार माहीत असलेल्या वाचकाला परकी वाटू नये.

अर्थात अथेन्सचे गोडवे गाताना तोल सांभाळावा लागतो. तिथली सभा स्वतंत्र पुरुषांची होती. स्त्रियांना आणि गुलामांना तिथे स्थान नव्हते. ग्रीकांना जवळून ओळखणाऱ्या प्राचीन भारतीयांनाही त्यांची हीच बाजू दिसली होती. 'मज्झिमनिकाया'तल्या आश्वलायनाच्या सुत्तात बुद्ध विचारतात: योन आणि कंबोज देशांत मालक आणि दास असे दोनच वर्ण आहेत, आणि मालकाचा दास, दासाचा मालक होऊ शकतो, हे तू ऐकले आहेस ना? वर्ण जन्माने अढळ नसतात हे दाखवण्यासाठी तिथे योनांचा दाखला येतो. ग्रीक आमच्या प्रदेशाला अपरिचितही नव्हते. खाडीपलीकडे सोपारा हे त्या काळचे बंदर. तिथे भगवानलाल इंद्रजींना १८८२ साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. अपरान्तात, म्हणजे या उत्तर कोकणच्या पट्ट्यात, धर्मप्रसारासाठी जो भिक्षू पाठवला गेला तो योन धम्मरक्खित होता असे 'महावंस' सांगतो. आणि कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर दान देणारे यवन स्वतःची ओळख 'धेनुकाकटाचा' अशी गावाच्या नावाने करून देतात. देम सुटला तरी देमची सवय सुटली नसावी. किंवा ती सवय इथलीच असेल.

दुसरी मर्यादा आमच्यासारख्यांना अधिक बोचणारी. पेरिक्लीसच्या इ. स. पू. ४५१ च्या कायद्याने आई आणि बाप दोघेही अथेन्सचे असतील तोच नागरिक ठरला. बाहेरून आलेला माणूस पिढ्यान्‌पिढ्या राहिला, कर भरला, युद्धात लढला तरी 'मेटिक'च, म्हणजे सोबत राहणारा. स्वतः ॲरिस्टॉटल स्टागिराचा. अथेन्समध्ये तो मेटिक होता. नागरिक म्हणजे कोण याची सर्वांत विचारपूर्वक केलेली व्याख्या ज्याने लिहिली त्याला ज्या नगरात ती लिहिली तिथे मत नव्हते. या बाबतीत भाईंदर अथेन्सच्या पुढे आहे. इथे रत्नागिरीचा, राजस्थानचा, गुजरातचा, उत्तर प्रदेशचा माणूस मतदारयादीत नाव आले की बरोबरीचा नागरिक. जुलै २०२५ मध्ये भाषेच्या प्रश्नावरून मीरा रोडला मोर्चे निघाले. त्या प्रश्नातली वेदना आम्हा मराठीच्या शिक्षकांना परकी नाही. पण एकमेकांची भाषा माणसे शिकतात ती एकमेकांशी बोलण्याची निकड असते तेव्हा. आणि आठ लाखांच्या या शहरात एकत्र बसून बोलण्याची जागाच आपण निर्माण केली नाही, ही उणीव मोर्च्याने भरून निघत नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि राज्यातल्या इतर अनेक शहरांप्रमाणे इथेही प्रशासक आला. १५ जानेवारी २०२६ रोजी पुन्हा मतदान झाले. मधली तीन वर्षांहून अधिक काळ शहर चालले: पाणी आले, कचरा उचलला गेला, रस्ते खणले गेले. ग्रीकांकडेही संकटकाळी एका माणसाच्या हाती कारभार सोपवण्याची रीत होती. लेस्बॉस बेटावरच्या मितिलेनेने पिटॅकसला असे निवडले. ॲरिस्टॉटल या पदाला निवडून दिलेली एकाधिकारशाही म्हणतो. पिटॅकसने दहा वर्षांनी अधिकार सोडला. कवी अल्काइयसने मात्र त्याला कवितेतून शिव्यांची लाखोली वाहिली. आमच्या शहरात महासभा नाही म्हणून कोणी कविता लिहिल्याचे आमच्या ऐकिवात नाही. कारभार चालला तर सभेवाचून कोणाचे फारसे अडले नाही, ही गोष्ट आम्हाला कोणत्याही गैरकारभाराहून अधिक चिंताजनक वाटते.

सोफोक्लीसने अगदी उतारवयात 'कोलोनोस येथील ईडिपस' हे नाटक आपल्याच गावावर लिहिले, ते इ. स. पू. ४०१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आले. पु. ल. देशपांड्यांच्या 'राजा ओयदिपौस'मुळे मराठी वाचकाला त्या राजाचे पतन ठाऊक आहे. इथे तोच राजा आंधळा, निर्वासित होऊन मुलीचा हात धरून एका अनोळखी गावाच्या पवित्र राईत येऊन बसतो. पहिला माणूस जो भेटतो तो गावकरी. तो त्याला हाकलत नाही, ठेवूनही घेत नाही. तो सांगतो की हे ठरवणे माझ्या एकट्याच्या हाती नाही. मी जाऊन इथल्या देमच्या लोकांना विचारतो, तिकडच्या शहरातल्यांना नव्हे. मग गावचे म्हातारे येतात, घाबरतात, वाद घालतात. आणि त्यानंतर येतो थेसेउस, तोच गावांची बेरीज करणारा राजा, आणि परक्याला नगराचा आश्रय देतो.

नव्वदीच्या घरातल्या नाटककाराने हा क्रम उगीच ठेवला असे आम्हाला वाटत नाही. आधी गावाने विचारले, मग नगराने स्वीकारले. विद्यार्थ्यांना हा प्रवेश शिकवताना आम्ही त्यांना एकच प्रश्न देतो, आणि तो इथेही ठेवतो. उद्या उत्तनच्या वाटेवर असा कोणी दमलेला माणूस येऊन बसला, तर त्याला पाहणारा पहिला माणूस कोणाला विचारायला जाईल?